देवीच्या मागचा पडदा

नवरात्रात यवतमाळ झोपत नाही. जिल्हाभरातून माणसं दुर्गोत्सव पाहायला येतात आणि दर वर्षी प्रत्येक मंडळाला काहीतरी ‘भव्य’ हवं असतं. एका मंडळानं मला देवीच्या मागे पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा मागितला. तीस फूट रुंद, वीस फूट उंच, आणि फ्लेक्स नाही, हातानं रंगवलेला.

जागा मिळाली जिनिंगच्या शेडमध्ये. नवा कापूस दसऱ्याच्या पुढेमागे येतो, तोवर शेड रिकामं. एवढं रुंद कापड कुठून मिळणार? मांजरपाटाचे पट्टे जोडले, तेही आडवे. आडवी शिवण कापडाच्या वजनानं ताणून बसते. शिवाय पैनगंगेचा तो काळा कातळ थराथरांचा, शिवणी त्याच्या कडांखाली दडल्या. चौकटीवर खिळे ठोकून खडूची पूड, फेविकॉल आणि पाणी यांचा हात दिला. वाळल्यावर कापड ढोलकीसारखं ताठ झालं. पण बाहेर भादव्याची झड लागली, की हवेतल्या ओलीनं तेच सैल पडायचं.

कच्चं चित्र तीस बाय वीस इंचांचं होतं. एका इंचाला एक फूट. निळीत बुडवलेली सुतळी ताणून, झटका देऊन दोन-दोन फुटांचे दीडशे चौकोन पाडले. इथवर हिशोब. पुढे परांचीवर चढलं, की चित्र दिसेनासं होतं. नाकासमोर नुसता पांढरा फराटा. तो पाणी आहे की चुना, हे खाली उतरून फाटकापर्यंत चालत गेल्याशिवाय कळत नाही. मोठं चित्र हात कमी आणि पाय जास्त काढतात, असं माझं मत आहे. मंडळाचा एक पोरगा परांचीखाली उभा राहून म्हणाला, “भाऊ, पाणी तं दिसूनच नाही राह्यलं!” त्याला फाटकाकडे पाठवलं. तिथून त्याला दिसलं.

डिस्टेंपर वाळला, की फिका पडतो. ओला असताना कातळ काळाकुळकुळीत, सकाळी राखाडी. म्हणून आधी चिंधीवर रंग वाळवून पाहायचा आणि आभाळाचा रंग एकाच बादलीत, पुरून उरेल एवढा कालवायचा. दुसऱ्या बादलीत तोच निळा कधी जमत नाही. रात्री पिवळा हॅलोजन लावूनही पाहिलं, कारण मंडपात चित्र त्याच उजेडात दिसणार. त्यात निळा मरतो, तो थोडा भडकच ठेवावा लागतो.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच. चित्राचा मधला भाग आपला नाही, देवीचा. मूर्ती आणि प्रभावळ तिथे उभी राहणार. म्हणून मुख्य धार मधोमध न घेता दोन्ही बाजूंना फोडली आणि मध्ये नुसते तुषार ठेवले. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांनाही हेच भान लागायचं, पुढे नट उभा असतो. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदेच रंगवत होते.

फ्लेक्स एका रात्रीत छापून येतो, त्यामुळे आम्हालाही आठ दिवस पुरतील असं मंडळांना वाटतं. पुरत नाहीत. पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत बरोबर महिना असतो. हातानं रंगवलेला पडदा हवा असेल, तर पोळा फुटल्याबरोबर पेंटरला बोलवा आणि न गळणारं छप्पर द्या.