अंबानगरी ते चिखलदरा : दोन दिवसांची सहल

कचेरीतील सहकारी रजा काढून दक्षिणेकडे फिरायला जातात. मदुराईचे मीनाक्षी मंदिर, मग कोडाईकॅनॉलची थंड हवा. आपल्या कष्टकरी कुटुंबांना एवढा खर्च झेपत नाही. पण देवळांचे शहर आणि जवळच थंड हवेचे ठिकाण आपल्या वऱ्हाडातही आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही अकोल्याची सात कुटुंबे अमरावती व चिखलदरा पाहून आलो.

सकाळी अशोक वाटिकेजवळ जमलो. एसटीत महिलांना निम्मे तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तिकीटच नाही. शिदोरीत पिठलं-भाकरी आणि ठेचा. मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला उतरलो. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि गांधी चौकाकडे निघालो. तेथे अंबादेवी व एकवीरादेवी यांची मंदिरे शेजारी-शेजारी आहेत. श्रीकृष्णाने रुक्मिणीला येथूनच पळवून नेले, अशी दंतकथा सांगतात.

पण आम्ही तेथे गेलो ते वेगळ्या आठवणीसाठी. या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. त्या हक्कासाठी १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. वऱ्हाडच्या या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुख आपल्या बाजूने उभे राहिले. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. मदुराईचे मंदिर अस्पृश्यांना उघडले ते ८ जुलै १९३९ रोजी. आपल्या वऱ्हाडी माणसांनी हा प्रश्न त्याच्या बारा वर्षे आधी जाहीरपणे विचारला होता.

हे सांगून झाल्यावर आमच्यातील नववीतल्या मुलीने विचारले, “बाबा, आपल्या लोकायनं एवढं भांडून दार मागितलं, मंग आपण आत काहून जात नाही?”

आम्ही मोठी माणसे क्षणभर गप्प झालो. उत्तर दिले ते आजीने. “बाई, दार बंद होतं तवा ते आपल्यासाठी बंद होतं, म्हणून भांडन होतं. आता उघडं हाय. जा का नोको जा, हे आपल्या मनावर हाय.”

आम्ही त्यात एवढीच भर घातली की, हक्क आणि पूजा या दोन गोष्टी आहेत. १९३३ सालीच बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, समाजाचा उद्धार मंदिरप्रवेशाने होणार नाही, तो उच्च शिक्षणाने, नोकरीने आणि चांगल्या कमाईने होईल. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आपण देवपूजाच सोडली. मुलीला हे पटले असावे. तिने वहीत तारखा लिहून घेतल्या.

रात्री ओळखीच्या वस्तीतील विहारात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून घाट चढलो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचावर आहे. धुके, पाऊस, कॉफीची झाडे आणि खोल दऱ्या पाहून मुले हरखली. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून हे ‘कीचकदरा’, असे सांगतात. गाविलगडाच्या तटावर उभे राहिलो. हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी जिंकला.

चिखलदरा १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने शोधून काढले, असे आम्ही मुलांना वाचून दाखवले. आजी हसली. “मंग कोरकू कुठी गेले होते तवा?”

समोरच एक कोरकू बाई भाजलेली कणसे विकत होती. हे डोंगर तिच्या पूर्वजांचे. पण मेळघाटाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. आम्ही तिच्याकडून कणसे घेतली आणि भावात घासाघीस केली नाही.

बांधवांनो, लांबचा प्रवास जमत नसेल तर हा जरूर करा. सोबत मुले न्या, घरातील म्हाताऱ्या माणसांनाही न्या. मुलांच्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा त्यांच्याजवळच असतात.