गाव कोणते?

आमच्या भागात नवी ओळख झाली, की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : "गाव कोणतं आपलं?" कानडी गृहस्थही तेच विचारतो, "निम्म ऊर यावुदु?" दोघांनाही पत्ता नको असतो, माणूस कोणाचा, हे हवे असते.

सरकारी नोकरीत मला गाव भेटले ते कागदावर : हद्द, नकाशा, सर्व्हे नंबर, वसुली. जुन्या दप्तरांत 'मौजे' आणि 'कसबे'. कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही तर फारसीने नावे ठेवलेली थोरली-धाकटी भावंडे. कुळवाडी मात्र वस्तीला पांढरी म्हणे आणि शेताला काळी. काळी पिकली नाही तर पांढरी ओस पडते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे. अर्थात याच गावाला गावकूसही होते, आणि कुसाबाहेर ठेवलेल्यांना 'गाव कोणते' हा प्रश्न कसा ऐकू येत असेल, याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

वेदकाळी 'ग्राम' म्हणजे घरे नव्हेत, तर माणसांचा जथा. असे जथे एकत्र येऊन भिडले की संग्राम. सीमाभागातल्या वाचकाला ही व्युत्पत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. आंध्र-मद्रास सीमेच्या पाटसकर निवाड्याप्रमाणे खेडे हा घटक धरा, हाच महाराष्ट्राचा आग्रह होता. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला देऊ केली, बेळगाव मात्र नाकारले. २००४ मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या वर्षांत 'खेडे' हा शब्द आमच्याकडे नकाशावरचा ठिपका होऊन बसला. तरीही कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे साहित्य संमेलने भरतात, ती गाव म्हणूनच. वडगाव केव्हाच शहरात मिसळले. पण मंगाईची यात्रा आली की ते पुन्हा गाव होते.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी घाट चढून इकडे आले. कुलदैवत कोकणात राहिले. "यंदा गावी जाऊ," असे वडील दर उन्हाळ्यात म्हणत. अखेर एकदा त्यांना घेऊन गेलो. ओळखीचे घर एकही नव्हते. देवळात पुजाऱ्याने संकल्प सांगताना विचारले, "गाव कोणतं आपलं?"

मी "बेळगाव" म्हणालो. वडील शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत.