उडत्या पाखराची पिसे

उडत्या पाखराची पिसे मोजणारा मनुष्य चतुर म्हणतात. आम्ही तर ती कॅमेऱ्यात धरावयास निघालो! गेल्या चैत्रात हतनूरच्या जलाशयावर नदीसुरयापुढे आमची अक्कल चालेना. सेकंदाच्या २००० व्या अंशात छायाचित्र घ्यावे, तर हाती नुसती शेपटी किंवा कोरे आकाश. अखेर होडी वाळूच्या बेटाशी नेली. सुरय आमच्या डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालू लागला आणि चित्र उत्तम साधले. घरी मंडळींनी वाहवा केली. पुढे पुस्तकात वाचले की, हा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो. आमच्या भयाने तो उठला होता. खानदेशच्या उन्हात अंडी तितका वेळ भाजत असतील. ते चित्र आम्ही अद्याप भिंतीवर लावलेले नाही.