घडीचा फोन

मराठींत 'घडी' या शब्दानें जितकीं कामें आपल्या शिरावर घेतलीं आहेत, तितकीं दुसऱ्या एखाद्या घरगुती शब्दानें क्वचितच घेतलीं असतील. वेळेची घडी, संसाराची घडी आणि कपाटांतल्या वस्त्राची घडी, अशा तीन घड्यांवर आम्हां पांढरपेशांच्या घरांचा कारभार चालत आलेला आहे. त्यांतली शेवटची वरकरणी सर्वांत साधी. पण तिचेंही एक शास्त्र आहे, आणि तें आमच्या घरांतल्या बायकांना पुस्तकावांचून अवगत असतें. रेशमी लुगडें वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवलें तर तें ऐन घडीवर विरतें, आणि जरीची तार त्याच रेघेवर तुटते. म्हणून अधूनमधून पैठणी कपाटांतून निघते, तिला वारा दाखविला जातो, आणि जुनी घडी मोडून नवी घडी दुसऱ्या जागीं घातली जाते. घडीची जागा बदलत राहिली तरच वस्त्र टिकतें, हें या रिवाजामागचें मर्म होय.

ज्या ज्या कोणाला घडीशीं व्यवहार करावा लागला, त्यानें त्यानें अशी कांहींतरी युक्ति योजिलेली दिसते. पोथी लिहिणाऱ्यांनीं घडीच टाळली. पानें सुटीं ठेवलीं आणि वरखालीं फळ्या देऊन रुमालांत बांधलीं. मोठे नकाशे बाळगणाऱ्यांनीं कागद कापून त्याचे चौकोन कापडावर चिकटविले व मध्यें बोटाच्या नखाएवढी फट सोडली, म्हणजे घडी पडावयाची ती कापडावर पडे आणि कागद अभंग राही. घडी ही वस्तूची सोय असते आणि तोच तिचा घातही असतो, हें या सर्वांनीं ओळखलें होतें.

हें पाल्हाळ लावण्याचें कारण असें कीं, मधोमध दुमडणारा स्मार्टफोन अलीकडे आमच्या ओळखीच्या घरांतून दिसूं लागला आहे. त्याच्या दोन जाती आहेत. एक उघडला म्हणजे लहानशा वहीएवढा होतो आणि मिटला म्हणजे नित्याच्या फोनाएवढा. दुसरा उघडला म्हणजे नित्याच्या फोनाएवढा आणि मिटला म्हणजे चौकोनी डबीएवढा. दोहोंच्याही पोटांत साहस एकच. न वांकण्याबद्दल जिची ख्याति, त्या कांचेला दिवसांतून शंभरदां एकाच रेघेवर वांकवावयाचें! पैठणीप्रमाणें येथें घडीची जागा बदलतां येत नाहीं, आणि नकाशाप्रमाणें फटही सोडतां येत नाहीं. तेव्हां हा फोन रोजच्या वापरास टिकेल काय, असा प्रश्न जो तो विचारतो, आणि तो वाजवी आहे.

या वस्तूचा जन्म कांहीं सुखासुखीं झालेला नाहीं. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस रोयोल नांवाच्या चिनी कंपनीनें असा फोन प्रथम जगापुढें मांडला. ती कंपनी पुढें दिवाळखोरींत निघाली. सॅमसंगनें आपला 'गॅलेक्सी फोल्ड' फेब्रुवारी २०१९ मध्यें जाहीर केला आणि एप्रिलच्या २६ तारखेस विक्री ठरविली. परंतु विक्रीपूर्वीं परीक्षकांच्या हातीं दिलेल्या फोनांपैकीं कांहींचे पडदे दोन-चार दिवसांतच बिघडले. कोणी पडद्यावरचा संरक्षक थर नेहमींचें वेष्टन समजून सोलून काढला होता. कोठें बिजागरीच्या फटींतून बारीकसा कण आंत शिरला होता. नव्या वस्तूवरचा कागद सोलण्याची ऊर्मि कोणाला अनावर होत नाहीं? मनुष्याच्या हाताची ही पहिली खोडच फोनाच्या कर्त्यांनीं हिशेबांत धरली नव्हती. विक्री पुढें ढकलावी लागली. थराच्या कडा चौकटीखालीं दडवून आणि बिजागरीच्या टोकांस टोपणें बसवून सुधारलेला फोन सप्टेंबरांत निघाला. ऑक्टोबरांत तो आपल्या देशांत आला तो १,६४,९९९ रुपये किंमत घेऊन.

कांच मुळांत वांकते कशी, हें थोडक्यांत सांगणें इष्ट होईल. कोणतीही पट्टी वांकविली कीं तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आंतली दबली जाते. पट्टी जितकी जाड, तितका हा ताण अधिक. म्हणून कांच पुरेशी पातळ केली तर ती न तडकतां वळते. २०२० सालच्या 'गॅलेक्सी झेड फ्लिप'मध्यें जी कांच घातली, ती सुमारें ३० मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही पातळ होती. पण ज्या पातळपणामुळें ती वांकते, त्याच पातळपणामुळें ती टोंचणी सोसत नाहीं. यास्तव तिच्यावर प्लॅस्टिकचा थर द्यावा लागतो, आणि आपल्या बोटाला लागतो तो हाच थर. खनिजांचा कठीणपणा मोजण्याचें मोस याचें जें माप आहे, त्यांत आपलें नख अडीचच्या आसपास येतें आणि वाळूंतला गारगोटीचा कण सातावर बसतो. साध्या फोनाची कांच नखाला दाद देत नाहीं. या थरावर मात्र नख जोरानें रुतलें तर खूण राहूं शकते. मग वाळूची गोष्टच बोलावयास नको.

कंपन्या याला उत्तर म्हणून घड्यांची संख्या सांगतात. पहिल्या फोनाबद्दल यंत्रावर दोन लाख घड्या घालून पाहिल्याचें सांगण्यांत आलें. दिवसास शंभर वेळां उघडणाऱ्यास त्या साडेपांच वर्षांच्या जवळपास पुरतात. दोनशें वेळां उघडणाऱ्या चाळवट बोटांना एक हजार दिवस. २०२५ सालच्या 'झेड फोल्ड ७'च्या पडद्याबद्दल पांच लाख घड्यांचा दावा केला गेला. हे आंकडे खोटे मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. सुधारणाही खरी आहे. २०१९ चा फोन २७६ ग्रॅम वजनाचा आणि मिटल्यावर १७ मिलिमीटरपर्यंत जाड होता; 'झेड फोल्ड ७' २१५ ग्रॅमचा आणि मिटल्यावर ८.९ मिलिमीटरचा आहे. आंतल्या आंत पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा बांक देणाऱ्या बिजागऱ्या आल्यापासून पडद्याची सुरकुतीही उथळ झाली आहे.

परंतु यंत्र घडी घालतें तें स्वच्छ जागीं, सरळ हातानें आणि एकाच विचारानें. घरांतला मनुष्य घडी घालतो ती स्वयंपाकघरांत पिठाच्या हातांनीं, एस.टी.च्या थांब्यावर वाऱ्यांत, किंवा उशीखालीं चांचपडत. धुळीचें उदाहरण घ्या. २०२४ सालच्या 'झेड फोल्ड ६'ला धुळीबद्दल जी श्रेणी मिळाली, ती एक मिलिमीटरहून मोठ्या कणांपुरतीच होती; आणि एक मिलिमीटरहून बारीक धूळ म्हणजे देशावरची जवळजवळ सगळीच धूळ! गूगलच्या 'पिक्सेल १० प्रो फोल्ड'ला २०२५ साली धुळीविरुद्धची सर्वोच्च श्रेणी मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तीवरून हें काम अशक्य नाहीं, एवढें सिद्ध झालें.

आमच्या कुटुंबांत असे दोन फोन आले. ते निरनिराळ्या कंपन्यांचे होते, आणि त्यांचीं नांवें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पहिला आमच्या पुतण्याचा. तो सांगलीकडे पुलांच्या कामावर इंजिनिअर आहे. पूर्वीं कामाच्या नकाशांची गुंडाळी स्कूटरला बांधून तो हिंडत असे. फोन आल्यावर तो नकाशा पडद्यावर उघडी, बोटांनीं मोठा करी आणि मुकादमाला जागेवरच चूक दाखवी. त्याची बॅग हलकी झाली आणि संध्याकाळीं घरीं येण्याची वेळ तासाभरानें अलीकडे आली, हें आम्हीं स्वतः पाहिलेलें आहे. चौदा महिने फोनानें इमानानें चाकरी केली. पंधराव्या महिन्यांत एका सकाळीं घडीच्या रेघेवर काळी पट्टी उमटली, आणि दुपारपर्यंत निम्मा पडदा मावळला. हमी बारा महिन्यांची, हप्ते मात्र चोवीस महिन्यांचे! दुरुस्तीचा जो आंकडा सांगण्यांत आला, त्यांत एक चांगला साधा फोन नवा येऊन वर कांहीं उरलें असतें. पुतण्यानें तो मुकाट्यानें भरला. नकाशावांचून त्याचें चालत नव्हतें, आणि फोन आपली किंमत दर महिन्यास मिळवून देत होता.

दुसरा फोन आमच्या वडील भगिनी अक्का यांचा. त्यांचें वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही बारीक अक्षर त्यांना लागत नाहीं. कॅनडांतल्या मुलानें हा फोन त्यांना पाठविला तो एवढ्याचसाठीं कीं, नातवाचा चेहरा मोठा दिसावा आणि वर्तमानपत्र भिंगावांचून वाचतां यावें. संधिवातानें आखडलेल्या बोटांना तो उघडणें जड जाई. दोन्ही हातांनीं कडा धरून, पुस्तकाचें चिकटलेलें पान सोडवावें तसा त्या तो उघडीत. पण एकदां उघडला कीं त्यांचा दिवस उजळे. अर्धा उघडून ठेवला म्हणजे तो फणेरपेटीच्या आरशाप्रमाणें आपल्या आधारानें उभा राही, आणि नातवाशीं बोलतां बोलतां अक्कांचे हात शेंगा सोलावयास मोकळे राहत.

पुतण्याच्या फोनाची वार्ता त्यांच्या कानीं गेली, आणि त्याच दिवशीं अक्कांनीं आपला फोन जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यांत गुंडाळून कपाटांत ठेवून दिला. जुन्या लहान फोनावर त्या पुन्हां डोळे बारीक करून नातवाला पाहूं लागल्या. आम्हांस तें पाहवेना. "अक्का, मोडला तर मोडला," आम्ही म्हणालों. "तूं वापरावास म्हणूनच ना त्यानें पाठविला?"

"मोडला तर तो रागावणार नाहीं, हें मला ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "'असूं दे, आई' म्हणेल आणि पैसे पाठवील. तेंच मला ऐकायचें नाहीं."

"पैठणी तरी घडी मोडल्यावांचून अंगाला लागते का?"

"पैठणी मी रोज नेसत नाहीं रे. आणि ती नेसून भांडीं घांसायला बसत नाहीं."

अक्कांच्या या उत्तरांत आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचा निकाल आहे. घरांतल्या वस्तूंचे दोन वर्ग असतात. एक तांब्याचा. तांब्या हातांतून निसटला तर त्याला पोचा येतो, आणि पोच्यासकट तो दुसऱ्या क्षणीं पाणी देऊं लागतो. त्याची आठवण ठेवावी लागत नाहीं, म्हणूनच तो रोजचा. दुसरा वर्ग पैठणीचा. तिला जपावें लागतें, आणि जपण्यांतही एक सुख असतें. परंतु तिच्याकडून कोणी रोजच्या राबणुकीची अपेक्षा करीत नाहीं. घडीच्या फोनाकडून आम्ही तांब्याचें काम मागतों, आणि तो आमच्याकडून पैठणीची निगा मागतो. तो किती घड्या सोसतो, यापेक्षां आमचा विसराळूपणा किती सोसतो, यावर त्याचें रोजच्या वापरांतलें स्थान ठरावयाचें आहे.

या दृष्टीनें पाहतां आमचा अभिप्राय असा. ज्याला मोठें पान हिंडतां फिरतां लागतें, आणि जो एरवीं दोन उपकरणें बाळगील, त्याला हा फोन आजही सोयीचा आहे. दुरुस्तीची रक्कम त्यानें किमतींतच धरून चालावें. ज्या घरांत बँकेचे व्यवहार, गॅसची नोंदणी आणि डॉक्टरांची वेळ हीं सर्व एकाच फोनावर अवलंबून आहेत, त्या घरानें आपला एकुलता एक फोन घडीचा घेऊं नये. जुलै २०२५ मध्यें 'झेड फोल्ड ७' येथें आला तो १,७४,९९९ रुपयांपासून पुढें. एवढी रक्कम साठविण्यास मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला किती महिने लागतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आणि इतक्या कष्टानें आणलेली वस्तु मनुष्य भीतभीतच हाताळतो. त्या भीतीचा आंकडा कंपन्यांच्या कोणत्याही तक्त्यांत नसतो.

कर्त्यांनींही एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. घड्यांची संख्या पांच लाखांवरून दहा लाखांवर गेल्यानें अक्कांच्या कपाटाचें दार उघडणार नाहीं. पडदा बिघडल्यास तो माफक किमतींत बदलून मिळेल आणि हमी निदान हप्ते फिटेपर्यंत तरी चालेल, अशी शाश्वति मिळाली तर तें उघडेल. तांब्याचे पोचे काढून देणारा तांबट हांकेच्या अंतरावर होता, म्हणूनच आमच्या आया तांब्या निर्धास्तपणें वापरीत.

तूर्त अक्कांनीं आपल्यापुरती एक तडजोड केली आहे. दर रविवारीं, मुलाच्या बोलण्याच्या वेळेस, फडकें सुटतें, टेबल कोरडें पुसलें जातें आणि तासभर नातू त्यांच्यापुढें मोठा होऊन हंसतो. उरलेले सहा दिवस जुना फोन. सणाच्या वस्तूला रविवार हा दिवस शोभतोही. पण मुलानें ती रोजच्यासाठीं पाठविली होती, हें आम्हांस विसरवत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं असा फोन आलाच असेल, त्यांनीं तो कपाटाला देऊं नये. आणि ज्यांना तो घ्यावयाचा असेल, त्यांनीं फोनाच्या किमतीबरोबर नव्या पडद्याचीही किंमत विचारावी, आणि ती सोसण्याजोगी वाटली तरच त्याची घडी मोडावी.