असोद्याचा मांडा

वैशाखातल्या उन्हात खानदेशात प्रवास करणे हे काही सुखाचे काम नव्हे. तरीही आखाजी जवळ आली, की आमच्या कुटुंबातील माणसे पुण्या-मुंबईहून जळगावची वाट धरतात. स्थानकावर उतरून, पूर्वी बैलगाडीने आणि आता रिक्षाने, सुमारे दोन कोस गेले, की केळीच्या बागा व कपाशीची काळी राने यांमधून असोदा लागते. भरिताच्या वांग्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली येथेच झाला. आम्हांला मात्र असोदा म्हटले, की आधी मांडा आठवतो.

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि तिला तेथे दिवाळीइतका मान आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी ऐकू येतात. त्याच दिवशी पितरांच्या नावाने मातीच्या नव्या घागरी भरून त्यांवर आंबा व खरबूज ठेवतात. पितरांना दाखविल्याखेरीज त्या वर्षीचा आमरस आमच्या घरी कोणी चाखीत नसे. माहेरवाशिणींचे हसणे आणि गेलेल्यांची आठवण एकाच दिवशी, एकाच ओसरीवर नांदते, हे या सणाचे वैशिष्ट्य होय.

मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. परंतु भगिनींनी तव्यावरच्या पोळीशी तिची तुलना करू नये. येथे पोळपाट नाही, लाटणेही नाही. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक इतकी तिंबावयाची, की ताणली असता तुटू नये. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत फिरवावयाचा. तो पसरत पसरत कोपरांपर्यंत येतो. आणि आता पीठ फाटणार असे पाहणाऱ्याला वाटत असतानाच तो चुलीवरच्या पालथ्या खापरावर पडलेला असतो. गरम असतानाच त्याची चौघडी करतात. आमरस, तूप, आणि जोडीला झणझणीत रशी व कुरडई असली, म्हणजे दुपारची झोप ठरलेलीच!

आमची आजी १९३६ साली या घरात सून म्हणून आली ती पुण्याहून. मांडा तिने पाहिलाही नव्हता. पणजीबाईंचे सोवळे कडक. खापर अंगणात मांडलेले, म्हणून त्यावरचे अन्न नैवेद्याला चालत नसे. नैवेद्याची लहानशी पोळी स्वयंपाकघरात तव्यावर होई. अशा रीतीने पितरांच्या वाट्याला तव्यावरची पोळी येई आणि जिवंत माणसे मांडे खात! पितरांनी यावर काय म्हटले असते, हे विचारण्याचे धैर्य घरात कोणालाही नव्हते.

आजीला मांडा शिकविला तो शेजारच्या लेवा पाटील घरातील सूनबाईंनी. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेइतकी मातीची भिंत होती. पलीकडे त्या आपला गोळा फिरवीत, अलीकडे आजी आपला. आमच्या कणकेला त्यांनी हात लावावयाचा नाही, हा नियम. पहिल्या वर्षी आजीचे सात मांडे फाटले आणि पुरण खापरावर जळून अंगणभर धूर झाला. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांची गाणी तोंडून ऐकून लिहून घेता आली व १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. मांड्याचे तसे नाही. तो कागदावर उतरत नाही आणि भिंतीपलीकडूनही शिकविता येत नाही. शेवटी एका दुपारी, पणजीबाई कीर्तनाला गेल्या असता, शेजारीणबाई भिंत ओलांडून आल्या आणि आजीची दोन्ही मनगटे धरून म्हणाल्या, “हात भ्याला का पीठाले समजतं व माय!” त्या दिवशी पहिला मांडा अखंड उतरला. ही गोष्ट आजीने आम्हांला पणजीबाई गेल्यानंतरच सांगितली.

विलायतेत नाताळच्या पुडिंगाचे मिश्रण घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, एकेकदा ढवळावे अशी जुनी रीत आहे. आमची रीत अगदी उलट. सणाच्या अन्नाला परक्याचा हात लागू नये, याचीच सारी काळजी! तरीही आमच्या घरचा मांडा मुळातच दुसऱ्याच्या हातचा होता.

आजी १९८७ साली गेली. पुढच्या आखाजीला तिच्या नावाची घागर भरली. पण मांडा करणारे घरात कोणी उरले नव्हते. शहरातून आलेल्या आमच्या काकूंनी तव्यावर पोळ्या केल्या. इतक्यात शेजारीणबाई समोरच्या दाराने आल्या. वयाने वाकलेल्या, हातात झाकलेले ताट. उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारले, “तिच्या घागरीपाशी ठेवू का?”

सर्वांनी वडिलांकडे पाहिले. वडील सोवळे नेसलेले होते. ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग पुढे होऊन त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतले, मांडा घागरीपाशी ठेवला आणि त्याचाच तुकडा चुलीतल्या अग्नीला दिला. त्या घरातल्या पितराला मिळालेला तो पहिला मांडा. मात्र “आज आमच्या पंक्तीला बसा” हे शब्द त्या दिवशीही आमच्यापैकी कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. रिकामे ताट घेऊन त्या परत गेल्या. ते आम्हांला अजून खुपते.

आता त्याही नाहीत. मांडे आता शहरांतून विकतही मिळतात, आणि चवीला ते वाईट नसतात. परंतु या आखाजीला आम्ही मुद्दाम असोद्याला गेलो ते मांडे खाण्यासाठी नव्हे. मधली भिंत पावसांनी केव्हाच ढासळली आहे. शेजारच्या अंगणात त्यांच्या नातसुनेने खापर मांडले होते. आमच्या सूनबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. पहिला मांडा फाटला, दुसराही फाटला. तेव्हा त्या मुलीने हसत पदर खोचला आणि सूनबाईंची मनगटे धरली.

त्या दुपारी दोन्ही घरांची पंगत एकच बसली. घागरी मात्र दोन होत्या, आणि दोन्हींपाशी एकाच खापरावरचे मांडे होते.