बांधावरचा दगडी पाला

१० फेब्रुवारी, सांगोला
ज्वारीची काढणी उरकली. रान मोकळं झालं आणि बांध नजरेत भरला. कुसळी वाळून पांढरी पडली आहे, दगडी पाला मात्र हिरवागार. खोड जमिनीसरपट, पानं राठ, कातरल्या कडांची. त्यातून सरळ वर निघालेली वीतभर दांडी आणि तिच्या टोकाला एकच फूल. मधे पिवळा गोंडा, भोवती पाचेक दुधाळ पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते.

४ मार्च
आज भिंग घेऊन बांधावर बसले. हे सूर्यफुलाचं कूळ. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर फुलांचा मेळा असतो. गोंड्यातली प्रत्येक पिवळी नळी म्हणजे एक पूर्ण फूल. पाकळीसुद्धा स्वतंत्र फूलच. तिच्याही तळाशी बी धरतं. गोंड्याच्या कडेची फुलं आधी उमलतात, मधली मागाहून. म्हणून एका दांडीवरचा मध एका दिवसात संपत नाही.

२७ मार्च
मुरमात वाढलेलं दगडी पाल्याचं एक झाड उकरलं. सोटमूळ खोल गेलेलं. खोडाच्या पेरापेरालाही मुळं फुटलेली. शेळ्यांनी शेंडे खाल्ले, पायवाटेवर फांदी चिरडली, तरी उरलेलं पेर पुन्हा धरतं. सोलापूर जिल्ह्यात सरासरी पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. इथं टिकायचं तर असाच जीव हवा.

१६ एप्रिल
ऊन चढलं तसा बांध जागा झाला. नखाएवढी निळी फुलपाखरं, पिवळी फुलपाखरं, बारक्या मधमाश्या. बिबळ्या कडवा नावाचं एक फुलपाखरू बराच वेळ दांडी बदलत राहिलं. त्याची अळी रुईच्या पानांवर वाढते. मोठेपणी मात्र त्याला मध लागतो. पिकांची फुलं संपलेली, पावसाची फुलं अजून लांब. या मधल्या महिन्यांत इतक्या जिवांचं पोट बांधावरच्या या झाडावर चालतं. आपण त्याला ओलांडून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

३ मे
शेजारच्या आजी ७२च्या दुष्काळाचं सांगत होत्या. खडी फोडायच्या कामावर बोटं ठेचायची, रक्त यायचं. बाया कडेचा दगडी पाला उपटायच्या, तळहातावर चोळून रस पिळायच्या, वर चिंधी बांधायच्या आणि पुन्हा हातोडा उचलायच्या. या पाल्याच्या रसाचे प्रयोग पुढं प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमांवर झाले. खोल जखमेला दवाखानाच हवा. पण जिथं हाताशी काहीच नव्हतं, तिथं हा पाला होता.

२१ मे
दगडी पाला मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसनं १७५३ साली त्याला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे शास्त्रीय नाव दिलं. बियांना पिसांसारखे तुरे असतात, वाऱ्यावर दूर जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याची गणना उपद्रवी तणांत होते, आणि पिकात घुसला की आपल्याकडेही तो तणच. ते नाकारायचं कारण नाही. पण आजींना विचारलं तर तो त्यांच्या मातीतलाच. दुष्काळात माणसाच्या आणि उन्हाळ्यात फुलपाखरांच्या उपयोगी पडला, एवढं नातं मला पुरेसं वाटतं.

५ जून
पेरणीची तयारी सुरू झाली. दादा बांधावर तणनाशक मारणार होता. मी म्हटलं, “दादा, वावरातलं खुरपून काढ, बांधावरचं राहू दे. भोपळा-दोडक्याच्या वेली लावतोस, त्यांना फळ धरायला माश्या कुठून येणार?” त्यानं बांधावरची फुलं पाहिली, माश्या पाहिल्या आणि पंप खाली ठेवला. यंदापासून आमच्या बांधावर औषध पडणार नाही. शेजारच्या शेतकऱ्यांनाही हेच सांगणार आहे: पिकाची जागा पिकाला द्या, पण बांधाचा वीतभर पट्टा या झाडाला सोडा.