तंतू

परवा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात गेलो होतो. विजेच्या स्विचांच्या पेट्या तेथे घडतात. यंत्राशेजारी परातीत मळलेल्या कणकेसारखा एक गोळा होता. पॉलिएस्टरची राळ, चुनखडीची भुकटी आणि त्यांत कालवलेले काचेचे तंतू. लांबी ६ ते १२ मिलिमीटर.

"हा गोळा प्लॅस्टिकच्या दाण्यांसारखा आपसूक यंत्रात उतरत नाही, सर," तो सांगू लागला. "दट्ट्याने बेताबेताने रेटावा लागतो. नळी गार ठेवायची. साचा मात्र १५० अंशांच्या आसपास तापलेला. घाईने अरुंद वाटेतून कोंबला, की तंतू मोडतात."

"मग पेटी होत नाही?"

"होते की! दिसतेही झकास. पण ताकद तंतूंच्या लांबीत. घाव बसला म्हणजे कळते."

मी गप्प झालो. याच्याच बाकावर एक हळवा, हुशार मुलगा बसत असे. शाळेचा निकाल झळकावा म्हणून मी त्याला दिवसरात्र घोकायला लावले. मुलगा पहिल्या वर्गात आला; माझी पाठ थोपटली गेली. पुढे कॉलेजात एकदाच नापास झाला आणि त्याने पुस्तकच मिटले.

निघताना मी चाचरत त्याची चौकशी केली.

"गावीच असतो, सर. तुमची आठवण काढतो."

दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरवले आहे. काय बोलावे, ते मात्र अजून सुचलेले नाही.